मावशींची ग्रॅच्युइटी आणि करिंथकरांस पत्राचा सहावा अध्याय

आपल्याच ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) माणसांनी चालवलेल्या शाळेविरुद्ध कामगार न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी वाटत नाही. तरीही लिहीत आहे, कारण गेल्या वर्षभरात निरनिराळ्या गावांतील ओळखीच्या ख्रिस्ती भगिनींनी मला हळू आवाजात एकच प्रश्न विचारला आहे: "तुम्ही कसे केले, आणि भीती वाटली नाही का?" दोन्हींची उत्तरे जमेल तितक्या तपशिलाने देते. गाव, शाळा, संस्था आणि माणसे यांची नावे मुद्दाम घेतलेली नाहीत. मी एका पतसंस्थेत लिपिक आहे आणि रविवारी शब्बाथ शाळेत (चर्चच्या बायबल वर्गात) मुलांना शिकवते. माझी शैक्षणिक वा कायदेशीर पात्रता इतकीच.

ज्यांच्यासाठी हे सारे झाले त्या मावशी आमच्या मंडळीच्या सभासद. जून २००० पासून त्या शाळेत सेविका होत्या. वर्ग झाडणे, बालवर्गातील मुलांना सांभाळणे, घंटा देणे, बाईंचा चहा, परीक्षेच्या वेळी बाकांवर क्रमांक चिकटवणे, सारे त्याच करीत. ३१ मे २०२२ रोजी त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, स्टीलचा डबा आणि 'सेवागौरव निधी' म्हणून १०,००० रुपयांचे पाकीट त्यांना मिळाले, भाषणे झाली, प्रार्थना झाली. पुढे त्यांनी कार्यालयात जाऊन ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे दीर्घ सेवेनंतर मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांबद्दल, विचारले, तेव्हा "ते सरकारी लोकांना असते, आपली सेवाभावी संस्था आहे" असे उत्तर मिळाले आणि त्या घरी परतल्या. विधवा बाई, घरात मुलगा बेरोजगार, सून आजारी. त्या कोणाकडे तक्रार करायला गेल्या नाहीत.

मला हे कळले ते सप्टेंबर २०२२ च्या सुरुवातीला. खाजगी शाळांतील शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी द्यावी लागेल, ग्रॅच्युइटी कायद्यातील २००९ ची दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासूनच लागू आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २९ ऑगस्ट २०२२ चा निकाल नुकताच वृत्तपत्रांत आला होता. उपासनेनंतर मी सहज मावशींना म्हटले, "तुमची रक्कम मिळाली असेल ना?" तेव्हा सगळा प्रकार बाहेर आला. येथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण पुढे हाच मुद्दा वारंवार निघाला. तो निकाल शिक्षकांबद्दल होता. सेविका, शिपाई, लिपिक हे १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या व्याख्येत आधीपासूनच कर्मचारी होते आणि दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या शिक्षणसंस्थांना तो कायदा ३ एप्रिल १९९७ पासूनच लागू झालेला होता. एकदा लागू झाला की पुढे माणसे दहाच्या खाली गेली तरी तो सुटत नाही.

हिशेब पतसंस्थेतील माणसाला सोपा असतो. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचे. मावशींचा शेवटचा पगार ११,७०० रुपये होता, म्हणजे एका वर्षाचे ६,७५० आणि २२ वर्षांचे १,४८,५०० रुपये. निवृत्तीनंतर ३० दिवसांत ही रक्कम द्यायची असते, उशीर झाल्यास दरसाल १० टक्के सरळव्याज लागते. मी हा आकडा कागदावर लिहून दाखवला तेव्हा मावशींनी तो कागद माझ्याकडे परत सरकवला. "ताई, मला भांडायचं नाही," एवढेच म्हणाल्या.

मलाही भांडायचे नव्हते. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव आमच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. लहान गावात मंडळी म्हणजे केवळ रविवारची उपासना नसते. बाप्तिस्म्याचा दाखला, मुलीच्या लग्नासाठी पाळकसाहेबांचे पत्र, उद्या आपण मेल्यावर कबरस्तानातील जागा, सारे त्याच चार माणसांच्या हातून जाते. माझ्या मुलीचे लग्न त्या वर्षी ठरत होते. माझे यजमान म्हणाले, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघ." त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते आणि मी तेच मनातल्या मनात कितीतरी वेळा घोकले.

त्याच आठवड्यात शब्बाथ शाळेचा पाठ याकोबाच्या पत्रावर होता. पाचव्या अध्यायात शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे लिहिले आहे. जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी स्पष्ट आज्ञा आहे. हे मी मुलांना अनेकदा शिकवले होते. या वेळी शिकवताना समोरच्या बाकावर सचिवसाहेबांचा नातू बसला होता, त्याने प्रामाणिकपणे विचारले, "बाई, मग आता पैसे अडकवणाऱ्याला कोण सांगतं?" मी काहीतरी गोल उत्तर दिले. रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा शब्द सुचेनात. धैर्य म्हणजे अंगात अचानक बळ संचारणे, अशी माझी समजूत होती. तसे काही झाले नाही. पोटात गोळा तसाच राहिला, फक्त गप्प बसून प्रार्थना करणे अशक्य झाले.

पुढे काय करायचे हे ठरवताना मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचा मला फार उपयोग झाला. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात सांग, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. मी आणि मावशी सप्टेंबरच्या अखेरीस सचिवांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, प्रेमाने बोलले आणि "तो निकाल शिक्षकांसाठी आहे" असे सांगून पाठवले. ऑक्टोबरमध्ये एक निवृत्त शिक्षक आणि भगिनी मंडळातील एक ज्येष्ठ बाई यांना घेऊन पुन्हा गेलो. या वेळी चहा आला नाही. निवृत्त शिक्षकांनी तेथे काय बोलणे झाले ते घरी येऊन तारखेसह वहीत लिहून ठेवले आणि आम्हा सर्वांच्या सह्या घेतल्या. असे टिपण ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, पुढे तोंडी गोष्टी कोणालाच आठवत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये कायद्याचा पहिला कागद गेला: मालकाकडे करायचा मागणी अर्ज, म्हणजे नमुना 'आय'. हा अर्ज खरे तर रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो, पण केवळ उशिरा केला म्हणून हक्क बुडत नाही, असे नियमांतच म्हटले आहे. अर्ज मावशींच्याच नावाने आणि सहीने, पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला. (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पोच मिळेल अशी सेवा मागून घ्यावी.) पोस्टाच्या खिडकीपाशी मावशींनी पाकीट दोन्ही हातांत धरून डोळे मिटले, मागच्या माणसाला वाटले त्यांना भोवळ आली. अर्ज मिळाल्यावर १५ दिवसांत संस्थेने एकतर रक्कम देण्याची नाहीतर कारणासह नाकारण्याची नोटीस द्यायची असते. पोचपावती आली, नोटीस आली नाही.

मग डिसेंबरमध्ये, नाताळच्या तयारीच्या गडबडीत, पंचमंडळाने आम्हाला बोलावले. "घरची धुणी चव्हाट्यावर धुता का?" इथपासून सुरुवात झाली. त्यानंतर एका पंचांनी करिंथकरांस पहिले पत्र उघडले आणि सहावा अध्याय मोठ्याने वाचला: विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर अविश्वासणाऱ्यांपुढे फिर्याद करू नये, त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? खोलीत शांतता झाली. या वचनाची मला सचिवांपेक्षा, लग्नापेक्षा, कबरस्तानापेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण माणसाच्या धमकीला उत्तर देता येते, पण ज्या ग्रंथावर आपण जगतो तोच आपल्याविरुद्ध वाचला गेला तर पायाखालची जमीन सरकते.

उत्तर मावशींनी दिले. त्या बोट ठेवून, अक्षर जुळवत शास्त्र वाचतात. त्या म्हणाल्या, "साहेब, सोसून घे हे मी स्वतःला सांगितलं तर ठीक आहे. ज्यानं द्यायचंय त्यानं ते मला कसं सांगावं?" मग मी धीर करून पुढची ओळ वाचायला सांगितली, कारण पंचांनी सातव्या वचनाला थांबवले होते. आठव्या वचनात पत्र लिहिणारा प्रेषित पौल उलट तुम्हीच अन्याय करता आणि नाडता, आणि तेही आपल्या भावांना, असे म्हणतो. म्हणजे त्या अध्यायातील ठपका फिर्याद करणाऱ्याइतकाच नाडणाऱ्यावरही आहे. त्याच अध्यायात भावाभावांमधला निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असाही प्रश्न आहे. तो धरून मी प्रस्ताव मांडला की मंडळीने संस्थेशी संबंध नसलेली तीन माणसे नेमावीत, ती जे ठरवतील ते आम्ही मान्य करू आणि न्यायालयात जाणार नाही. हा प्रस्ताव लेखी दिला. "संस्थेचा विषय मंडळीच्या कक्षेत येत नाही," असे उत्तर मिळाले. जो विषय मंडळीच्या कक्षेत येत नव्हता, त्यावर वचन मात्र मंडळीत बसून लागू केले गेले होते.

त्या रात्री घरी येऊन मी प्रेषितांची कृत्ये वाचत बसले. फिलिप्पै येथे फटके मारून तुरुंगात टाकलेल्या पौलाला अधिकारी गुपचूप सोडून देऊ पाहतात, तेव्हा तो 'त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे' असे म्हणतो, आणि पुढे पंचविसाव्या अध्यायात कैसराकडे, म्हणजे रोमन सम्राटाकडे, दाद मागतो. करिंथकरांना पत्र लिहिणारा हाच पौल. आणखी आठवण झाली ती पंडिता रमाबाईंची. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर, मठातील ज्या भगिनींच्या (नन्सच्या) आश्रयाला त्या राहिल्या होत्या त्यांनाच त्यांनी पत्रांतून ठणकावले होते की मला माझी सद्‌सद्विवेकबुद्धी आहे, एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही. आमच्या मंडळीत रमाबाईंवर दरवर्षी भाषण होते, त्यात हा भाग सहसा येत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. आपल्या राज्यात खाजगी आस्थापनांसाठी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच या कायद्याखालील नियंत्रक प्राधिकारी, म्हणजे दावा ऐकणारे अधिकारी, म्हणून काम पाहत असत. त्यांच्याकडे नमुना 'एन' मध्ये अर्ज करायचा. कारण घडल्यापासून ९० दिवसांची मुदत असते. आमची मुदत नोटीस न आल्यापासून मोजली तर शिल्लक होती, तरी विलंब माफीचा अर्जही सोबत जोडला, म्हणजे तांत्रिक वाद उरत नाही. सर्वांत उपयोगी माहिती येथे देते: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साध्या अर्जावर मावशींना वकील मिळाल्या. त्या तरुण होत्या, कामगार कायद्यात फार मुरलेल्या नव्हत्या, पण त्यांनी प्रत्येक कागद स्वतः वाचला, आणि माझ्या अनुभवात तेवढे पुष्कळ असते. मावशींनी लेखी अधिकारपत्र देऊन मला सोबत कामकाज पाहण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. खर्च झाला तो झेरॉक्स, नोटरी, टपाल आणि प्रवास यांवर. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक कागद लागत नाही, साध्या कागदावर चालते, हे माहीत नसल्याने लोक उगाच पैसे घालवतात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले आणि आमच्या दोघींचा मोठा भार हलका झाला.

संस्थेचे लेखी म्हणणे उन्हाळी सुटीच्या आधी आले. त्यात दोन मुद्दे होते: मावशी 'मानधनावर' होत्या, आणि त्यांची नेमणूक दरवर्षी जून ते एप्रिल अशी होत असून मे महिन्यात सेवा खंडित होत असे. वाचून मावशी प्रथमच रडल्या. मे महिन्यातच तर त्या झाडांना पाणी घालायच्या आणि निकालाच्या दिवसांसाठी वर्ग धुवायच्या. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा बचाव लंगडा होता, कारण बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ते वर्ष सलग धरले जाते, आणि जून ते एप्रिलमध्ये ते सहज भरत होते. 'मानधन' हे नाव दिल्याने पगार पगार राहत नाही असे होत नाही. तरी सिद्ध करावे लागतेच. बँकेत पगार जमा होऊ लागल्यापासूनची पासबुके आमच्याकडे होती, त्याआधीची वर्षे रोखीची. मग मावशींच्या पेटीतून शाळेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघाली. त्यात कर्मचाऱ्यांच्या छायाचित्राखाली नावे आणि रुजू झाल्याची वर्षे छापली होती, आणि संपादक म्हणून सचिवांचेच नाव होते. हजेरीपत्रके संस्थेने सादर करावीत असाही अर्ज आम्ही दिला. तुमच्या घरातील जुनी ओळखपत्रे, समारंभांच्या पत्रिका, स्मरणिका टाकून देऊ नका.

यानंतरचा काळ सर्वांत कठीण गेला आणि त्यात सांगण्यासारखे सर्वांत कमी आहे. न्यायाधीशांची बदली, नवे येईपर्यंत तारखा, समोरचे वकील आजारी, पुन्हा तारीख. एवढ्यासाठी सकाळची पहिली गाडी धरायची, डबा बांधायचा, रजा टाकायची आणि दुपारी पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. मंडळीत मला कोणी काही बोलले नाही, फक्त नाताळच्या नाटिकेची जबाबदारी दुसऱ्या कोणाला दिली गेली आणि प्रभुभोजनाच्या वेळी रांगेत माझ्या पुढेमागे थोडी जागा रिकामी राहू लागली. मुलीचे लग्न मात्र झाले. पाळकसाहेबांनी पत्र विनातक्रार दिले, देताना "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" म्हणाले. पंचांसमोर त्यांनी हे कधी म्हटले नाही. त्यांचा मला राग येत असे. पण पगार त्यांनाही त्याच माणसांच्या सहीने मिळतो हे लक्षात आल्यावर तो बराच निवळला. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते, त्या दाखल्याचा अर्थ मी आजवर चिकाटीची प्रार्थना असाच शिकवत आले होते. एसटी स्टँडवर बसून वाचताना जाणवले की ती बाई आधी खरोखरच न्यायालयाच्या पायऱ्या चढत होती.

२०२४ च्या पूर्वार्धात साक्षी झाल्या. सरतपास (साक्षीदाराचे स्वतःचे म्हणणे) प्रतिज्ञापत्रावर असतो, मग समोरच्या वकिलाचा उलटतपास. शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, आता पुण्यात राहतात, साक्षीला येतील असे कोणालाच वाटले नव्हते. मी त्यांना केवळ पत्र लिहिले होते. त्या आल्या, मे महिन्यात मावशींना कामाला आपणच बोलावत होतो असे शपथेवर सांगितले, आणि उलटतपासात "तुमचा संस्थेवर राग आहे" असे सुचवले गेले तेव्हा "माझे आयुष्य त्या संस्थेत गेले आहे, म्हणूनच आले" असे उत्तर दिले. मावशींचा उलटतपास लांबला. साक्षीदाराला माझा सल्ला एवढाच राहील: प्रश्न पूर्ण ऐकावा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे, आणि जे विचारलेले नाही ते सांगू नये. मावशींना हे समजावणे फार अवघड गेले, त्या न्यायाधीशांना चहाचे भांडे कोठे असायचे तेही सांगू लागल्या होत्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आदेश झाला. १,४८,५०० रुपये, १ जुलै २०२२ पासून रक्कम मिळेपर्यंत १० टक्के व्याजासह. निवृत्तीच्या वेळी दिलेले १०,००० वजा करावेत ही संस्थेची मागणी मान्य झाली नाही, कारण पावतीवर 'सेवागौरव निधी' असेच लिहिले होते. अपील करणार असे कानावर आले. आमच्या वकीलबाईंनी समजावले की मालकाला ६० दिवसांत औद्योगिक न्यायालयात अपील करता येते, पण त्याआधी रक्कम जमा करावी लागते, आणि रक्कम दिलीच नाही तर वसुली प्रमाणपत्र मागून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. तशी वेळ आली नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी मावशींच्या खात्यात व्याजाच्या ३७,१२५ रुपयांसह एकूण १,८५,६२५ रुपये जमा झाले. त्यांनी त्यातून पहिल्यांदा काय केले असेल, तर दशमांश वेगळा काढून त्याच मंडळीच्या अर्पणपेटीत टाकला. मला ते पटले नाही आणि मी तसे त्यांना सांगितलेही. "मंडळी त्यांची थोडीच आहे," त्या म्हणाल्या.

ज्यांना आता अर्ज करायचा आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने ग्रॅच्युइटी आता त्या संहितेखाली येते. १५ दिवसांच्या वेतनाचे सूत्र तेच आहे, पण वेतनाची व्याख्या, नमुन्यांची नावे आणि अर्ज कोणाकडे करायचा हे विधी सेवा प्राधिकरणात विचारून मगच कागद भरावेत. मी वर दिलेली नमुन्यांची नावे, मुदती आणि अधिकारी जुन्या कायद्याप्रमाणे आहेत.

सचिवसाहेब आणि मी उपासनेनंतर एकमेकांना सलाम करतो, त्यापलीकडे बोलणे होत नाही. शाळेतून मावशींच्या नंतर निवृत्त झालेल्या दुसऱ्या सेविकेने गेल्या वर्षी मागणी अर्ज दिला, तेव्हा संस्थेने पंधरा दिवसांच्या आत रक्कम देण्याची नोटीस काढली आणि पैसे दिले. शाळेच्या गाडीचे चालक मात्र कंत्राटदाराचे माणूस होते असे संस्थेचे म्हणणे आहे. त्यांचे कागद मी आणि ते निवृत्त शिक्षक मिळून लावत आहोत, आणि या वेळी पासबुके मावशी तपासत आहेत.